पाठमोरा गोळाफेकपटू: पॅरी ओब्रायन आणि गोळाफेकीचे तंत्र

गोळाफेकीच्या इतिहासाचे दोन भाग पडतात आणि त्यांच्यामधली रेघ १९५१-५२ या वर्षांवर येते. त्याआधी जगभरचे खेळाडू फेकीच्या दिशेला खांदा करून, आडवे उभे राहून गोळा फेकत. त्यानंतर ते त्या दिशेला सरळ पाठ करून उभे राहू लागले. हा बदल घडवला अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने. तो दोनदा ऑलिंपिक विजेता झाला, सलग चार वर्षे त्याला कोणी हरवू शकले नाही आणि विश्वविक्रम १८ मीटरपासून १९.३० मीटरपर्यंत त्याच्या नावावर चढत गेला. पण हे विक्रम केव्हाच मागे पडले. टिकून राहिली ती त्याची उभे राहण्याची रीत. मुंबईच्या उपनगरांतल्या मैदानांवर पोलीस भरतीचा सराव करणारी मुले आजही तीच रीत शिकतात. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत तिला त्याचेच नाव आहे: पॅरी ओब्रायन पद्धत.

जड दगड फेकून ताकद आजमावण्याचा खेळ जुना आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या मेळाव्यांत तो रुजला आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटन-अमेरिकेच्या मैदानी स्पर्धांत आला. गोळ्याचे वजन १६ पौंड ठरले. आज पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो, तो हाच. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट गॅरेटने ११.२२ मीटरवर सुवर्णपदक जिंकले. तिथे फेक वर्तुळातून नव्हे, चौकोनातून झाली होती. पुढे सात फूट, म्हणजे २.१३५ मीटर व्यासाचे वर्तुळ कायम झाले आणि त्याच्या पुढच्या कडेला लाकडी स्टॉप बोर्ड आला. गोळा एकाच हाताने, हनुवटीजवळ मानेला टेकवून धरायचा. फेकताना हात त्या जागेखाली येऊ द्यायचा नाही आणि गोळा खांद्याच्या रेषेमागे न्यायचा नाही. फेक झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचे. मुख्य मर्यादा एवढ्याच. त्यांच्या आत शरीर कसे वापरायचे हे नियमांनी खेळाडूवर सोपवले आहे, आणि गोळाफेकीचा सगळा इतिहास या मोकळ्या जागेत घडला.

पहिल्या पन्नास वर्षांत या मोकळिकीचा फारसा उपयोग झाला नाही. धिप्पाड माणूस वर्तुळाच्या मागच्या कडेला आडवा उभा राही, डावा खांदा फेकीच्या दिशेला करी, उजव्या पायावर एक उडी मारून वर्तुळाच्या मध्यावर येई आणि गोळा ढकलून देई. राल्फ रोझने १९०४ आणि १९०८ ची ऑलिंपिक जिंकली आणि १९०९ मध्ये त्याचा गोळा ५० फुटांपलीकडे गेला. १९३४ मध्ये जॅक टॉरन्सने १७.४० मीटर फेक केली, तो विक्रम १९४८ पर्यंत टिकला. त्या वर्षी चार्ल्स फॉनव्हिलने १७.६८ मीटर गाठले. १९५० मध्ये जिम फुक्सने विक्रम १७.९५ मीटरवर नेला. फुक्स उजव्या पायावर खूप खाली झुकून सुरुवात करी. सलग ८८ स्पर्धा त्याने जिंकल्या होत्या. तोही उभा राही तो आडवाच. १८ मीटरचा टप्पा अगदी हाताशी आलेला होता. तो ओलांडायला आणखी ताकदवान माणूस हवा, असा त्या काळचा समज होता.

पॅरी ओब्रायनचा जन्म २८ जानेवारी १९३२ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे झाला. शाळेत तो अमेरिकन फुटबॉल खेळे आणि त्याच जोरावर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आला. तिथे खेळताना पोटाला जबर मार बसला, तेव्हा त्याने फुटबॉल सोडून गोळ्यावर लक्ष केंद्रित केले. १९५१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. उंची सुमारे सहा फूट तीन इंच, अंगात वेग भरपूर. त्याच सुमारास आपल्या फेकीचे तुकडे करून तो एकेक तपासू लागला. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. वर्तुळ सात फुटांचेच राहणार आणि गोळ्याचे वजनही बदलणार नाही, मग गोळ्याला जोर लावायला मिळणारे अंतर वाढवायचे कसे?

उत्तर त्याला वर्तुळाच्या मागच्या कडेला सापडले. तो फेकीच्या दिशेला पूर्ण पाठ करून उभा राहिला, उजव्या पायावर वाकला आणि धड इतके पुढे झुकवले की गोळा जवळजवळ वर्तुळाच्या मागच्या कडेबाहेर आला. जुन्या पद्धतीत शरीर फेकीपर्यंत पाव वळसा, ९० अंश फिरे. आता ते अर्धा वळसा, १८० अंश फिरणार होते. गोळ्याचा हाताला टेकलेला प्रवास लांबला आणि त्या सगळ्या प्रवासभर त्याच्यावर जोर लावता येऊ लागला.

हालचालीचा क्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण पद्धतीचे सगळे मर्म क्रमात आहे. उजव्या हाताचा खेळाडू पाठमोरा उभा राहतो आणि उजव्या गुडघ्यात वाकून वजन त्या पायावर घेतो. डावा पाय आधी जवळ घेतो आणि मग स्टॉप बोर्डच्या दिशेने मागे झटकतो. त्याच क्षणी उजवा पाय जमिनीला रेटा देतो. शरीर वर न उसळता जमिनीलगत मागे सरकते. उजवे पाऊल वर्तुळाच्या मध्यावर येते आणि येता येता थोडे आत वळते. डावे पाऊल लगेच स्टॉप बोर्डापाशी टेकते. या वेळी पाय आणि कंबर फेकीच्या दिशेला वळू लागलेली असतात, खांदे मात्र अजून मागेच तोंड करून असतात. कंबर पुढे, खांदे मागे, अशी पिळलेली अवस्था पोटाचे आणि पाठीचे स्नायू ताणते. मग उजवा पाय जमिनीला रेटत वळतो, त्यामागून कंबर, त्यामागून छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी बोटे. डावा पाय आणि डावी बाजू खांबासारखी घट्ट थांबतात, म्हणून पुढे येणारा सगळा वेग उजव्या हातात उतरतो. खांदे लवकर उघडले की पीळ सुटतो आणि उरतो तो फक्त हाताचा जोर. शिकणाऱ्या मुलांची सर्वांत मोठी चूक हीच असते, आणि ती सुधारण्यात प्रशिक्षकाचे महिनेच्या महिने जातात.

लांबलेल्या प्रवासाने नेमके काय साधले, हे आकड्यांत मांडता येते. गोळा किती लांब जाईल हे तो हातातून सुटतानाचा वेग, कोन आणि उंची यांवर ठरते, आणि त्यांत वेग सर्वांत मोठा, कारण अंतर जवळपास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गोळा २.२० मीटर उंचीवरून ३७ अंशांत सुटला असे धरले, तर सेकंदाला १३ मीटर वेगाने तो सुमारे १९ मीटरवर पडतो. १४ मीटर वेगाने तो २१.७५ मीटरच्या पुढे जातो. वेगातली एका मीटरची भर अंतरात अडीच मीटरहून अधिक होऊन उतरते. पुस्तकी गणित ४५ अंशांचा कोन सांगते, पण गोळा जमिनीवरून नव्हे तर डोक्याच्या उंचीवरून सुटतो आणि माणसाचे शरीर इतक्या उभ्या कोनात पूर्ण जोर लावू शकत नाही. म्हणून उत्तम फेकी सहसा ३६ ते ३८ अंशांच्या आसपास सुटतात. ओब्रायनने हे सगळे वापरले. त्याने ताकद नव्याने निर्माण केली नाही. आहे त्या ताकदीला काम करायला अधिक वाट दिली. मोठा शोध बऱ्याचदा असाच, डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीची बाजू बदलून लागतो.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला ओब्रायन वीस वर्षांचा होता. २१ जुलैला त्याने १७.४१ मीटरचा ऑलिंपिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले. सहकारी डॅरो हूपर १७.३९ मीटरवर राहिला, अवघ्या दोन सेंटिमीटरनी मागे. जुन्या पद्धतीचा राजा जिम फुक्स १७.०६ मीटरवर तिसरा आला. मराठी वाचकाला हेलसिंकी आठवते ती दोनच दिवसांनी साताऱ्याच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत जिंकलेल्या कांस्यपदकामुळे. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीतच, त्याच आठवड्यात गोळाफेकीचे युग पालटत होते.

त्यानंतरची चार वर्षे ओब्रायनची होती. जुलै १९५२ पासून जून १९५६ पर्यंत तो सलग ११६ स्पर्धा जिंकला. ९ मे १९५३ रोजी फ्रेझ्नो इथे त्याने १८ मीटर पूर्ण केले. ८ मे १९५४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा गोळा १८.४२ मीटरवर पडला आणि ६० फुटांची सीमा प्रथमच ओलांडली गेली. दोनच दिवस आधी, ६ मे रोजी, ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर एक मैल चार मिनिटांच्या आत धावला होता. बॅनिस्टरचे नाव जगभरातल्या शाळकरी मुलांना पाठ झाले. ६० फुटांचे नाव गोळाफेकीच्या बाहेर फारसे कोणी घेतले नाही. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर ओब्रायनचे काम अधिक मूलगामी होते. बॅनिस्टर जुन्याच प्रकारे अधिक वेगाने धावला. ओब्रायनने फेकण्याचा प्रकारच बदलला. ३ सप्टेंबर १९५६ रोजी युजीन इथे त्याने १९ मीटरचीही सीमा ओलांडली आणि नोव्हेंबरमध्ये विक्रम १९.२५ मीटरवर नेला.

त्याची तयारीही त्या काळाच्या पुढची होती. वजने उचलल्याने स्नायू आखडतात, असे तेव्हाचे बहुतेक प्रशिक्षक मानत. ओब्रायन नेमाने वजने उचली आणि त्याचे बळ वेगाला जोडी. भौतिकशास्त्राची पुस्तके तो आपल्या खेळासाठी वाची, मन शांत राहावे म्हणून योगाचा अभ्यास करी आणि स्वतःला धीर देणारी वाक्ये ध्वनिमुद्रित करून रात्री ऐके. आज अनेक राष्ट्रीय संघांबरोबर मानसशास्त्रज्ञ असतो. १९५० च्या दशकात एक गोळाफेकपटू हे सगळे स्वतःपुरते उभे करत होता. स्पर्धेच्या वेळी तो प्रतिस्पर्ध्यांशी बोलत नसे आणि त्यामुळे शिष्टही समजला जाई. डिसेंबर १९५६ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले.

मेलबर्नला १९५६ मध्ये त्याने १८.५७ मीटरवर दुसरे सुवर्णपदक घेतले. बिल नीडर १८.१८ मीटरवर दुसरा, चेकोस्लोव्हाकियाचा यिरी स्कोब्ला १७.६५ मीटरवर तिसरा. पण आता त्याच्याच पद्धतीने फेकणारी तरुण मुले त्याच्यामागे उभी होती. १९५९ मध्ये डॅलस लाँगने त्याच्या १९.२५ मीटरची बरोबरी केली. ओब्रायनने १ ऑगस्टला १९.३० मीटर फेकून उत्तर दिले. त्याच वर्षीचा अमेरिकेचा प्रतिष्ठेचा सलिव्हन पुरस्कार त्याला मिळाला. १९.३० मीटर हा त्याचा शेवटचा विश्वविक्रम.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या सुवर्णपदकाच्या तो अगदी जवळ होता. १९.११ मीटरवर तो आघाडीवर होता. नीडर तर संघात येतायेताच राहिला होता; निवड चाचणीत तो चौथा आला आणि सहकारी डेव्ह डेव्हिस जखमी झाल्याने त्याला जागा मिळाली. पाचव्या फेरीत नीडरने १९.६८ मीटरची फेक केली आणि सुवर्ण गेले. ओब्रायनला रौप्य, लाँगला १९.०१ मीटरवर कांस्य. १९६४ ला टोकियोत अमेरिकेचा ध्वज ओब्रायनच्या हातात होता. तिथे तो १९.२० मीटरवर चौथा आला. मेलबर्नला सुवर्ण देणाऱ्या फेकीपेक्षा ही फेक ६३ सेंटिमीटर लांब होती आणि तरी पदक नव्हते. त्याने जगाला शिकवलेल्या पद्धतीनेच जग त्याच्या पुढे गेले होते. १९६६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने आयुष्यातली सर्वोत्तम फेक केली: १९.६९ मीटर. पुढे तो बँकिंगच्या व्यवसायात रमला, पण खेळ सुटला नाही. २१ एप्रिल २००७ रोजी कॅलिफोर्नियात ज्येष्ठांच्या जलतरण स्पर्धेत पोहताना त्याला मृत्यू आला. वय ७५.

त्याच्या पद्धतीचे पुढचे आयुष्य त्याच्या कारकिर्दीहून मोठे आहे. टेक्सासच्या रँडी मॅटसनने ८ मे १९६५ रोजी २१.५२ मीटर फेकून ७० फुटांची सीमा ओलांडली. पूर्व जर्मनीने या सरकत्या पद्धतीला, म्हणजे ग्लाइडला, प्रयोगशाळेची शिस्त लावली. त्यांचे खेळाडू मागच्या पायाचा रेटा छोटा आणि पुढचा टप्पा लांब ठेवीत. उडो बायर १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये जिंकला आणि १९८६ मध्ये २२.६४ मीटरवर गेला. उल्फ टिमरमानने २२ मे १९८८ रोजी ग्रीसमधल्या हानिया इथे २३.०६ मीटर फेक केली. ग्लाइडने कोणीही यापुढे गेलेले नाही. महिलांचा विश्वविक्रमही ग्लाइडचाच आहे: सोव्हिएत संघाच्या नताल्या लिसोव्स्कायाचा २२.६३ मीटर, ७ जून १९८७ चा. त्या दशकाच्या आकड्यांवर उत्तेजकांची सावली आहे, हे इथे नोंदवले पाहिजे.

दरम्यान दुसरा मोठा बदल सुरू झाला होता. लेनिनग्राडचे प्रशिक्षक व्हिक्टर अलेक्सेयेव्ह यांचा शिष्य अलेक्सांद्र बारिश्निकोव्ह थाळीफेकीसारखा पूर्ण गिरकी घेऊन गोळा फेकू लागला. गोफण फिरवून दगड सोडावा तसा गिरकीतला वेग हाताला मिळतो. १० जुलै १९७६ रोजी पॅरिसमध्ये त्याने बरोबर २२.०० मीटरचा विश्वविक्रम केला. अमेरिकेच्या ब्रायन ओल्डफील्डने याच पद्धतीने १९७५ मध्ये २२.८६ मीटर फेकले, पण तो व्यावसायिक स्पर्धांत उतरलेला असल्याने ती फेक विक्रम म्हणून मान्य झाली नाही. भारतातल्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत या पद्धतीला ‘डिस्को पुट’ म्हणतात. तिच्यात वेग जास्त, धोकाही जास्त: गिरकीचा तोल जरा बिघडला की फाउल. १९९० मध्ये रँडी बार्न्सने तिच्या बळावर २३.१२ मीटर फेकले. पुढे उत्तेजकांच्या चाचणीत तो दोषी ठरला आणि अखेर त्याच्यावर आजन्म बंदी आली. पोलंडच्या टोमाश मायेव्स्कीने २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक ग्लाइडनेच जिंकली. त्यानंतर पुरुषांच्या ऑलिंपिक स्पर्धेत गिरकीचेच राज्य आहे. रायन क्राउझरने २७ मे २०२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये २३.५६ मीटरचा आजचा विश्वविक्रम केला आणि २०१६, टोकियो आणि २०२४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके सलग जिंकली. रोममध्ये ओब्रायनच्या हातून निसटलेली ही कामगिरी त्याआधी कोणालाच साधली नव्हती. क्राउझरही सुरुवात करतो ती पाठमोराच. गिरकीने ओब्रायनचे सरकणे बाजूला ठेवले, त्याचे उभे राहणे नव्हे.

भारतात गोळाफेकीचे केंद्र पंजाब राहिले. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मदनलालने सुवर्ण जिंकले. १९५४ ला मनिलात आणि १९५८ ला टोकियोत परदुमनसिंगने ते राखले. १९६६ आणि १९७० मध्ये जोगिंदरसिंग, १९७८ आणि १९८२ मध्ये बहादूरसिंग चौहान. बहादूरसिंगची दिल्लीतली फेक १८.५३ मीटरची होती. ओब्रायनने हा आकडा १९५४ मध्येच गाठला होता. २००० साली शक्तिसिंगने २० मीटर ओलांडले, आणि जून २०२३ मध्ये भुवनेश्वरला तजिंदरपालसिंग तूरने २१.७७ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. २०१८ आणि हांगझोऊ अशा दोन आशियाई स्पर्धांची सुवर्णपदकेही तूरच्याच नावावर आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडू लागले आणि परदेशी तंत्र शिस्तीने शिकवले जाऊ लागले.

महाराष्ट्रात हे काम शिक्षकांच्या हातून झाले, आणि त्यात मुंबईच्या उपनगराचा वाटा जुना आहे. स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. त्या वेळी कांदिवली म्हणजे शहराबाहेरचे, मोकळ्या जमिनीचे गाव. तिथून शिकलेले शिक्षक तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या शाळांत गेले. संस्थेचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरला सुरू झालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानेही शिक्षकांच्या पिढ्या तयार केल्या. शाळेच्या मैदानावर गोळा कसा धरायचा, पाठ कुठे करायची, डावा पाय कुठे झटकायचा हे मुलांपर्यंत पोचले ते अशा शिक्षकांमुळे. गिरकी शिकवायला खास प्रशिक्षक आणि भरपूर वेळ लागतो. ग्लाइड एका शिक्षकाला एका वर्गाला शिकवता येते, म्हणून सर्वोच्च स्पर्धांतून मागे सरकलेली ओब्रायन पद्धत शाळांत अजून पहिली आहे.

आज महाराष्ट्रात गोळा सर्वाधिक हातांत येतो तो पोलीस भरतीमुळे. शिपाई पदाच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण अशी विभागणी आहे. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. पुरुष ७.२६ किलोचा आणि महिला ४ किलोचा गोळा फेकतात. पुरुषाने ८.५० मीटर आणि महिलेने ६ मीटर गाठले की पूर्ण गुण मिळतात. अंधेरीजवळच्या मरोळच्या पोलीस मैदानावर या चाचण्या होत आल्या आहेत आणि गोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ८ आहे, त्याच्या भरतीतही गोळा आहेच. ऑलिंपिकच्या मोजपट्टीवर साडेआठ मीटर काहीच नव्हे. पण साठ-पासष्ट किलोच्या, कालपर्यंत गोळा हातात न धरलेल्या मुलाला ते अंतर नुसत्या दंडाच्या जोरावर सहज जमत नाही. खांदे बंद ठेवून, पायापासून जोर काढून, सरकत येऊन फेकणे जमले की तोच मुलगा पुढे जातो. अर्ध्या-एक मीटरच्या या फरकावर गुण अवलंबून असतात, गुणांवर नोकरी आणि नोकरीवर घर. लॉस एंजेलिसमध्ये विक्रमासाठी शोधलेल्या तंत्राचा इतका थेट उपयोग क्वचितच कुठे होत असेल.

महाराष्ट्राच्या गोळाफेकीला अलीकडे मोठी नावेही मिळाली आहेत. मूळच्या पश्चिम बंगालच्या आणि महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या आभा खटुआने २०२३ च्या बँकॉकमधल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १८.०६ मीटरवर रौप्यपदक घेऊन राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली आणि मे २०२४ मध्ये भुवनेश्वरला १८.४१ मीटर फेकून तो विक्रम आपल्या नावावर केला.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन सर्जेराव खिलारी याची वाट वेगळी होती. शाळेत असताना सायकल अपघातात त्याचा डावा हात मोडला, त्यात गँगरीन झाले आणि शस्त्रक्रियांनंतरही हात पूर्ववत झाला नाही. तो अभियंता झाला, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. आधी तो भालाफेकपटू होता. खांद्याच्या दुखापतीनंतर गोळ्याकडे वळला. फेकीत डावा हात बघ्याच्या भूमिकेत नसतो. तो खांदे बंद ठेवतो, तोल सांभाळतो आणि शेवटी शरीराला थांबवून वेग उजव्या हातात उतरवतो. हे काम दुबळ्या हाताने निभावायचे, तर पाय, कंबर आणि धड यांना अधिक अचूक व्हावे लागते. २०२३ च्या पॅरिस जागतिक पॅरा स्पर्धेत, हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या एफ-४६ गटात खिलारीने १६.२१ मीटरवर सुवर्ण घेतले, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत १६.०३ मीटरवर सुवर्ण, आणि २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे १६.३० मीटरवर जागतिक विजेतेपद राखले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये दुसऱ्याच फेकीत त्याने १६.३२ मीटरचा आशियाई विक्रम केला. कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट १६.३८ मीटरवर पहिला आला. सहा सेंटिमीटरनी सुवर्ण हुकले. १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदीने मिळवलेल्या पदकानंतर पॅरालिंपिकच्या गोळाफेकीत भारतीय पुरुषाला चाळीस वर्षांनी मिळालेले हे पदक होते. त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला.

मुंबईच्या उपनगरांत भालाफेकीला किंवा हातोडाफेकीला जागा मिळणे अवघड आहे, गोळ्याचे तसे नाही. सव्वादोन मीटरहून लहान सिमेंटचे वर्तुळ, पुढे एक लाकडी स्टॉप बोर्ड आणि वीसेक मीटरची मोकळी माती एवढ्यावर शाळेच्या मैदानाचा एक कोपरा भागतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, मैदान असलेल्या प्रत्येक शाळेने असा एक कोपरा राखावा आणि तिथे आठवड्यातून एकदा तरी जाणता शिक्षक उभा राहावा. चुन्याने आखलेल्या रेघेमागून गोळा ढकलायला लावून मुलांना हा खेळ कळणार नाही. वर्तुळ आणि स्टॉप बोर्ड मिळाला तरच पाठ करून उभे राहण्याचा अर्थ त्यांच्या पायांना समजेल.